कॉपीराइट : केवळ निषेधाचा पाठ पुरेसा नाही

पुस्तकाची प्रत काढणे हा गुन्हा आहे, एवढ्या एका वाक्यात कॉपीराइटविषयीचे शिक्षण आपल्या कित्येक विद्यापीठांत आटोपते. हे शिक्षण अपुरे तर आहेच, परंतु कायद्याच्या कसोटीवर चुकीचेही आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने लेखकाला हक्क दिले, त्याचबरोबर कलम ५२ अन्वये शिक्षक व विद्यार्थी यांनाही काही मुभा दिली. पहिली बाजू सांगावयाची आणि दुसरी दडवावयाची, यात लाभ कोणाचा?

दिल्लीचा खटला या दृष्टीने बोधप्रद आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या बड्या प्रकाशनसंस्थांनी दिल्ली विद्यापीठ व त्याच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस हे लहानसे दुकान यांच्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा गुदरला. प्राध्यापकांनी नेमलेल्या पुस्तकांतील उतारे एकत्र बांधून हे दुकान विद्यार्थ्यांना देत असे; त्याबद्दल ६० लाख रुपयांची भरपाई मागण्यात आली. विद्यार्थी आणि अध्यापक संघटित झाले व त्यांनी न्यायालयात आपली बाजू मांडली. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दावा फेटाळला गेला. ९ डिसेंबरला खंडपीठाने काही मुद्द्यांपुरता तो पुन्हा सुनावणीस घेतला खरा. परंतु अध्यापनाच्या हेतूला आवश्यक तेवढी प्रत काढता येते, हे तत्त्व त्यानेही मान्य केले. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

याचा अर्थ सारे काही मोकळे झाले असा नव्हे. एखाद्या हयात लेखकाची संपूर्ण कादंबरी छापून पदपथावर विकणे, हे अध्यापन नव्हे. श्रमाला मोल मिळाले पाहिजे असे म्हणणाऱ्यांनी लेखक व अनुवादक यांच्या श्रमाचा अपवाद करता कामा नये. तसेच, प्रत काढण्याची मुभा म्हणजे दुसऱ्याचे लेखन स्वतःच्या नावावर खपविण्याची मुभा नव्हे.

अध्यापकांना आणखी एक गोष्ट ठाऊक असावयास हवी. कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखीच व्हावे लागते. त्यात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि क्षेत्र नमूद नसेल तर ते भारतापुरते मानले जाते. मोठ्या नियतकालिकांचे करारनामे मात्र पुष्कळदा संपूर्ण मुदत आणि संपूर्ण जग मागतात, आणि संशोधक ते न वाचताच सही करून मोकळा होतो. असे लेखन पुढे जनतेच्याच पैशाने परत विकत घ्यावे लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने तीन वर्षांच्या नियतकालिक-वर्गणीसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले, यावरून या व्यवहाराचे प्रमाण ध्यानात यावे.

म्हणून विद्यार्थी व प्राध्यापक संघटनांनी आपापल्या विद्यापीठांत आग्रह धरला पाहिजे की ग्रंथालयातील प्रत्येक सूचनाफलकावर निषेधाबरोबर कलम ५२ ची मुभाही स्थानिक भाषेत लिहिली जावी आणि नव्या संशोधकाला करारनामा वाचावयास शिकविले जावे. जो आपले हक्क जाणतो, तोच दुसऱ्याच्या हक्काचीही बूज राखू शकतो.