किती देते हो?

नवी गाडी घेतली असं कुणालाही सांगून बघा. समोरचा रंग विचारत नाही, हप्ता विचारत नाही. पहिला प्रश्न फिक्स: ‘किती देते हो?’ आणि इथे आपण सगळे एकजात थापा मारतो. तेरा देणारी गाडी सोळा देते, सोळावाली ‘हायवेला वीस आरामात’. पगार कमी करून सांगणारी माणसंसुद्धा मायलेज वाढवूनच सांगतात.

आमच्या बाबांना मात्र हा प्रश्न विचारायची सोय नाही. ते सरळ डायरी काढतात. २०१०च्या दसऱ्याला आलेल्या आमच्या छोट्या गाडीत तेव्हापासून भरलेली प्रत्येक टाकी त्या डायरीत आहे. तारीख, किलोमीटर, लिटर, भागाकार. मधूनमधून शेरे: ‘पाऊस’, ‘लग्नाला पाच जण’, ‘भुगाव – दीड तास’. कॉलेजात असताना मी या डायरीची जाम टर उडवायचे. २०२५च्या ऑक्टोबरात गाडीची पंधरा वर्षं भरली आणि त्याच डायरीने आमचे पैसे वाचवले.

पंधरा वर्षं झाली म्हणजे गाडी लगेच भंगारात जाते असं नाही. तपासणी करून, पाच हजार फी आणि वर पर्यावरण कर भरून नोंदणी पुढे पाच वर्षं वाढवता येते. पण आमच्या गाडीत एअरबॅग एकही नव्हती. पॉवर स्टिअरिंग कुरकुरायला लागलं होतं. पिरंगुटच्या उतारावर ब्रेक दाबताना आई देवाचं नाव घ्यायची. बदलायची हे ठरलं. बाबा रिटायर्ड, म्हणजे कर्ज माझ्या नावावर. मी फ्रीलान्सर! या महिन्यात तीन चेक, पुढच्या महिन्यात नुसतेच ‘प्रोसेसमध्ये आहे’चे मेल. त्यामुळे महिन्याचा एकेक हजार मोजणं भाग होतं.

शोरूममधला मुलगा गोड होता. ‘काका, पेपरवर २१.८ आहे. वीस तर कुठे गेलं नाही. पेट्रोलमध्येच अर्धा हप्ता निघेल तुमचा.’ मी पाघळले. बाबांनी डायरी काढली.

आता हा पेपरवरचा आकडा येतो कुठून? गंमत म्हणजे आमच्याच रस्त्यावरून. पौड रोडवरून कोथरूडच्या बाजूने जी वेताळ टेकडी दिसते, जिला अर्धं पुणं एआरएआय टेकडी म्हणतं, तिथे १९६६मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. देशात गाड्या तपासणाऱ्या दुसऱ्या संस्थाही आहेत, पण ‘एआरएआय मायलेज’ हा शब्द टेकडी उतरून देशभर गेला. आपल्याकडे जाहीर आकडे ज्या चाचणीतून आले, त्यात गाडी रस्त्यावर जातच नाही. ती रोलरवर उभी असते, चाकं जागच्या जागी फिरतात आणि ड्रायव्हर आखून दिलेल्या तक्त्याप्रमाणे वेग कमी-जास्त करतो. एकूण ११८० सेकंद, म्हणजे वीस मिनिटांना वीस सेकंद कमी. तेवढ्यात साधारण साडेदहा किलोमीटर होतात. जास्तीत जास्त वेग ताशी ९०. थांबणंही असतं, पण ठरलेल्या सेकंदांपुरतं. एसी बंद. आणि पेट्रोल कुणी मापाने मोजत नाही! धुरातला कार्बन मोजून किती जळलं त्याचं गणित मांडतात.

यात फसवाफसवी काही नाही. सगळ्या गाड्यांना एकच पेपर, एकच वेळ. या गाडीपेक्षा ती गाडी जास्त देईल का, एवढं सांगायला हा आकडा उत्तम. फक्त तो तुमच्या रस्त्याचा नसतो. चांदणी चौकातून पिरंगुटला जायला साधारण तेवढेच किलोमीटर पडतात. वीस मिनिटांत? रविवारी पहाटे, कदाचित. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२मध्ये पाडला, नवा उड्डाणपूल ऑगस्ट २०२३मध्ये सुरू झाला. तेव्हा वाटलं, सुटलो. सुटलो ते भुगावपर्यंतच! तिथे पहिला, दुसरा, पहिला, न्यूट्रल. शनिवारी तर अर्धं पुणं मुळशी आणि ताम्हिणीला निघालेलं असतं आणि आपण त्यांच्यामागे भाजी घेऊन घरी चाललेलो असतो.

जुन्या गाडीचा पेपरवरचा आकडा होता १८.९. डायरीप्रमाणे पहिल्या तीन वर्षांची सरासरी १५.८, शेवटच्या तीन वर्षांची १३.२. माझं म्हणणं, गाडी म्हातारी झाली. बाबांचं म्हणणं, गाडी नाही, भुगाव मोठं झालं. मग त्यांनी चक्क प्रयोग केला. ओळीने तीन रविवार पहाटे साडेपाचला निघायचं, ताम्हिणीपर्यंत जायचं, उन्हं वर यायच्या आत परत. वेग पन्नास-साठ, एसी बंद, एकटे. मधले दिवस गाडी जागेवर. एकाच रविवारी का नाही केलं? तर पाच लिटरच्या हिशेबात अर्धा लिटर इकडेतिकडे झालं तरी दहा टक्क्यांची चूक होते. एकूण २४३ किलोमीटर, १४.६ लिटर. भागाकार १६.६!

पंधरा वर्षांची गाडी, पहाटे १६.६ आणि एरवी १३.२. मी डायरी मिटून चहा टाकला.

पेट्रोलमधल्या इथेनॉलबद्दलही घरात वाद झालाच. २०२५पर्यंत वीस टक्के मिसळलेलं पेट्रोल सगळीकडे आलं. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, म्हणजे थोडंफार घटणारच. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातच जुन्या पद्धतीच्या चारचाकींसाठी सहा ते सात टक्के घट धरली होती. आमच्या डायरीतही शेवटी थोडी घसरण दिसते, पण त्यात पाऊस आहे, खड्डे आहेत, घासलेला क्लचही आहे. सगळं खापर एकाच्या डोक्यावर फोडायला बाबा तयार नाहीत.

तर बाबांचा फंडा असा. जुन्या गाडीचं खरं मायलेज भागिले तिचा पेपरवरचा आकडा. १३.२ भागिले १८.९, म्हणजे जवळपास ७० टक्के. हा तुमच्या रस्त्याचा, तुमच्या वेळेचा आणि तुमच्या पायाचा भाव. नव्या गाडीच्या पेपरवरच्या आकड्याला तोच लावायचा. २१.८चे झाले १५.३. जुन्या गाडीचं वय त्यात मिसळलंय हे खरं, पण चूक झाली तर आपल्या बाजूने होईल. फक्त स्ट्राँग हायब्रिडला हा भाव लावू नका. हायरायडर किंवा ग्रँड विटाराच्या हायब्रिडचा जाहीर आकडा २७.९७ आहे आणि ट्रॅफिकमध्ये त्यांची मोटर बराच भार उचलते, म्हणजे आपलं नुकसान तिथे फायदा. किंमत बघून आम्ही नमस्कार केला.

महिन्याला हजार किलोमीटर आणि सोपं म्हणून पेट्रोल शंभर रुपये धरा. जुनी गाडी ७६ लिटर पिते. शोरूमच्या हिशेबाने नवीला ५० पुरतात, वाचले २,६००. बाबांच्या हिशेबाने ६५ लागतात, वाचले जेमतेम हजार-अकराशे. आणि पाच लाखांचं कर्ज, नऊ टक्के, पाच वर्षं म्हणजे हप्ता १०,३८०. अर्धा हप्ता कुठला निघतोय? मायलेजसाठी गाडी बदलणं हा आतबट्ट्याचाच धंदा. आम्ही ब्रेकसाठी आणि एअरबॅगसाठी बदलत होतो, आणि ते एकदा स्वच्छ कळल्यावर मी वरच्या मॉडेलचा, सनरूफचा वगैरे नाद सोडला. कर्ज दीड लाखाने कमी झालं.

सीएनजीचा मोह झाला. वॅगनआरसारख्या गाडीचा सीएनजीचा आकडा किलोला ३४.०५ आहे. ७० टक्क्यांचा भाव लावला तरी चोवीसच्या जवळ! पण आमच्या बजेटमधल्या गाडीत सिलिंडरने डिकी खाल्लेली. आजोळ पौडच्या पुढे, तिथून दरवर्षी आंबेमोहराचं पोतं येतं. आईने डिकी उघडली, सिलिंडर बघितला, म्हणाली, ‘तांदूळ काय मांडीवर घेऊ?’ विषय संपला.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमचा मुलगा बायपासला एक राउंड मारू म्हणाला. बाबा म्हणाले, ‘भुगाव. सकाळी साडेनऊ. एसी चालू.’ निघायच्या आधी ट्रिप मीटर शून्यावर आणला. परत आलो तेव्हा स्क्रीनवर १४.८ होतं. मुलगा गप्प. पण मनाने सरळ निघाला, म्हणाला, ‘काका, माझी स्वतःची पण एवढंच देते.’ गाडी त्याच्याकडूनच घेतली.

तुमच्याकडे डायरीवाले बाबा नसतील, तर आजपासून सुरू करा. एकच पंप, नोझल स्वतःहून बंद झाला की थांबायचं, ‘राउंड फिगर करू का?’ला नाही म्हणायचं. तीन-चार टाक्या होईपर्यंत एकाही आकड्यावर विश्वास ठेवू नका. एका टाकीवरून भांडणं फक्त नवरा-बायकोत होतात.

आमच्या नव्या गाडीची चौथी टाकी परवा झाली. चारींची मिळून सरासरी १५.१. बाबांनी नव्या डायरीत लिहिलं आणि खाली बारीक अक्षरात शेरा टाकला: ‘एसी सतत चालू. चिरंजीव कन्येची कृपा.’

संध्याकाळी शेजारच्या काकांनी मला गेटवरच गाठलं. किती देते गं?

सतरा, मी म्हणाले.