हात तोडा म्हणण्याआधी

हिंगोली जिल्ह्यात रस्त्यात कुणाला लुटल्याची बातमी आली की चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास ऐकू येते, "यांचे हात तोडायला पाहिजेत." समोर माझ्यासारखा मुसलमान बसलेला असेल तर पुढे जोडले जाते, "तुमच्या शरियतमध्ये आहे ना, तसं." एरवी शरियतचे नाव काढताच अंगावर येणाऱ्यांना शिक्षेपुरती ती हवी असते. मग पूर्ण ऐका. हजरत उमर यांनी दुष्काळाच्या वर्षी चोराचे हात तोडण्याची शिक्षा थांबवली होती, असे परंपरा सांगते. शिक्षेआधी माणसाची परिस्थिती बघा, हा त्यातला धडा. तो मराठवाड्याला नाही कळणार तर कुणाला?

आता आपला कायदा बघा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. जबरी चोरीला कलम ३०९ खाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी, सूर्यास्तानंतर हमरस्त्यावर लुटले तर चौदा वर्षांपर्यंत. पाच जण मिळाले की तो दरोडा. कलम ३१० खाली जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद. पण "पर्यंत" म्हणजे किती? धमकावून मोबाईल काढून घेणारा पोरगा आणि पाळत ठेवून व्यापाऱ्याची बॅग लुटणारा सराईत एकाच कलमात येतात. कुणाला दोन आणि कुणाला नऊ, याचे माप कायद्यात नाही. ते न्यायाधीशाच्या मनावर.

ज्या इंग्रजांनी १८६० साली आपल्याला दंडसंहिता दिली, त्यांनी स्वतःच्या देशात हे माप लिहून काढले. तिथे जबरी चोरीला कमाल शिक्षा जन्मठेप आहे, तरी २०१६ पासूनच्या मार्गदर्शक तत्त्वांत गुन्हेगाराच्या दोषाचे तीन आणि झालेल्या हानीचे तीन स्तर आहेत. रस्त्यावरच्या लुटीत सर्वांत गंभीर प्रकाराची सुरुवात आठ वर्षांपासून, सर्वांत सौम्य प्रकाराची एका वर्षापासून. मग जुने गुन्हे, वय, पश्चात्ताप, गुन्ह्याची कबुली बघून शिक्षा वर-खाली होते. आपल्याकडे मलिमथ समितीने २००३ मध्येच अशी तत्त्वे करा म्हणून सुचवले. कायदा नवा आला, माप आले नाही.

"न्यायाधीशांचे हात बांधले जातील," असे म्हणणाऱ्यांनी नाशिकजवळच्या २००३ मधल्या दरोडा आणि खुनांच्या खटल्याकडे बघावे. आरोपी भटक्या जमातीतले सहा गरीब मजूर. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांना फाशी, तिघांना जन्मठेप दिली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सहाही जणांना फाशी दिली आणि २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. लिखित माप असते तर चुकीचा दोष टळला नसता, हे खरे. पण त्याच पुराव्यावर एकदा तिघांना आणि एकदा सहांना फाशी का, याचे उत्तर तरी द्यावे लागले असते.

१८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांची पोरे आजही आधी पकडली जातात. गरिबाच्या गळ्यापर्यंत येणारी तलवार किती लांब असावी, हे तरी लिहून ठेवा. कडक शिक्षेच्या घोषणा त्यानंतर द्या.