दारे धरणाऱ्याचे मरण कोणाच्या खात्यात?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य



पुणे-सोलापूर महामार्गाने जाताना आपला ताफा लोणी देवकरवरून अनेकदा गेला असेल. रस्ता सोडून आत वळले की ऊस लागतो. शेतीपंपाची वीज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की दारे धरायला माणूस उसात उतरतो. एका हातात खोरे, दुसऱ्या हातात बॅटरी आणि पाय अनवाणी, कारण गमबूट सरीतल्या चिखलात रुततात. पाचटाखाली उंदीर असतात आणि उंदरांच्या मागावर घोणस. आपल्याला हे नवीन नाही.

दिवसा विजेचे आश्वासनही नवीन नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 मध्ये आली, 2023 मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. ज्यांच्या वाहिनीवर ती अजून पोचली नाही, ते आजही रात्रीच जागतात. ऊर्जा आपले खाते नाही, मान्य. पण रात्रीच्या पाळीत साप चावलेला माणूस आपल्याच दवाखान्याच्या दारात येतो. मंत्रिमंडळात हा प्रश्न आपण कधी मांडला आहे का?

केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे, असे त्यात ठरले. देशात वर्षाला सरासरी 58 हजार माणसे सर्पदंशाने दगावतात, असा अंदाज आहे. पण गावात आराखडा पोचत नाही, पोचते ती ‘पुढे न्या’ ही चिठ्ठी. पुढे म्हणजे इंदापूर, तिथून बारामती, आणि शेवटी शंभर किलोमीटरहून लांब असलेले पुण्याचे ससून रुग्णालय. सर्पविषावरची लस कपाटात असूनही रिॲक्शनच्या धास्तीने टोचली जात नसेल, तर ती कोणासाठी ठेवली आहे?

घोणशीचे विष रक्त गोठू देत नाही. ते ओळखायला स्वच्छ, कोरडी काचेची नळी, थोडे रक्त आणि 20 मिनिटे पुरतात. महागडे यंत्र लागत नाही. उपचाराला मात्र सुरुवातीलाच साधारण दहा कुप्या लागतात. आज कोणत्या केंद्रात किती कुप्या आहेत, हे दारावरच्या फलकावर लिहायला आपल्या खात्याला काय अडचण आहे?

खेड्यात हे जमत नाही, असे कृपया सांगू नका. महाडच्या ग्रामीण भागात डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या साध्या औषधाने विंचूदंशाचे मृत्यू कमी करून दाखवले. आमच्याच पुणे जिल्ह्यात नारायणगावला डॉ. सदानंद राऊत वर्षानुवर्षे सर्पदंशाचे रुग्ण वाचवत आहेत. जे एकेका डॉक्टरला जमले, ते अख्ख्या खात्याला का जमू नये?

आता भरपाई. वन्यप्राण्यांच्या हल्ल्यात माणूस गेला तर शासन 25 लाख रुपये देते. त्या यादीत वाघ, बिबट्या, रानडुक्कर आहेत, मगरही आहे. सांगलीच्या कृष्णाकाठी मगरीने ओढून नेलेल्या माणसाच्या घरच्यांना ती मदत मिळायलाच हवी. साप मात्र त्या यादीत नाही. आमच्या वाट्याला गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेतले दोन लाख येतात, तेही माणूस मेल्यावर किंवा हात, पाय वा डोळे गमावल्यावर. जो वाचला, पण किडनी निकामी होऊन डायलिसिसवर गेला, तो कोणत्या रकान्यात बसतो?

पावसाळा लागला की साप बाहेर पडतात. त्याआधी तीन गोष्टी कराव्यात. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात लसीच्या पुरेशा कुप्या आणि ती टोचण्याचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर रात्रीही हजर असावा. पहिला डोस दिल्याशिवाय रुग्णाला पुढे पाठवू नये. आणि सापाचे नाव भरपाईच्या यादीत घालण्याची शिफारस आपण स्वतः करावी. यातले काय होणार आणि कधी, याचे लेखी उत्तर आम्हाला हवे आहे.

आपला,
लोणी देवकरचा एक ऊस उत्पादक