सुई मणक्यात, हात खिशात

स्वमग्नतेवर मूलपेशींचे इंजेक्शन हा उपचार नाही, मान्यताप्राप्त चाचणीबाहेर ते कोणत्याही मुलाला टोचता येणार नाही, हे ३० जानेवारी २०२६ रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या पीठाचा निकाल योग्यच आहे. पण हे सांगायला देशाचे सर्वोच्च न्यायालय कशाला लागावे? रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचे प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा बाकी सगळा वापर प्रयोग समजावा, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतच म्हटले होते. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमंडळाने तर स्वमग्नतेचे नाव घेऊन बजावले की, हा उपचार सुचवणे, त्याची जाहिरात करणे हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन आहे. कागद निघाले, कागद फाईलला लागले आणि सुया चालूच राहिल्या. कारण कागद काढणाऱ्यांपैकी एकालाही दवाखान्याच्या दारापर्यंत जायचे नव्हते.

हा धंदा चालतो कसा ते नीट पाहा. मुलाच्या कंबरेच्या हाडातून मज्जा काढायची, यंत्रात फिरवून त्यातल्या पेशी वेगळ्या करायच्या आणि त्याच मुलाच्या मणक्यात सुई घालून पाठीच्या पाण्यात सोडायच्या. त्याच मुक्कामात त्याला वाचाउपचार, व्यायाम, वर्तनाचे धडे असे सगळे रोज द्यायचे. घरी ज्याला आठवड्यातून एकदाही कोणी तज्ज्ञ मिळत नाही, ते पोर चार दिवसांत नजरेला नजर देऊ लागते, हाक मारली की वळते. श्रेय कोणाला? सुईला. बिल कशाचे? सुईचे. आणि आई-बापाने संमतीपत्रावर सही केली आहे, ही वर ढाल! ज्या इलाजाला पुरावाच नाही, त्याला संमती देणाऱ्या बापाला नेमके काय समजावून सांगितले होते?

मूलपेशी हे थोतांड नाही, म्हणूनच हा संताप अधिक आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ मध्ये देशातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले, तेव्हापासून रक्ताच्या कर्करोगाचे आणि थॅलेसेमियाचे कितीतरी रुग्ण याच पेशींमुळे उभे राहिले. थॅलेसेमियाच्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, साठत जाणारे लोह काढायला औषधे घ्यावी लागतात. सख्ख्या भावा-बहिणीची मज्जा जुळली, तर त्यातून कायमची सुटका होऊ शकते. पण एका भावंडाशी जुळण्याची शक्यता चारात एक. कोल इंडियाच्या मदतीने २०१७ पासून त्यासाठी १० लाखांपर्यंत साहाय्य मिळते. ही योजना आपल्या बीड जिल्ह्यातल्या किती पालकांना माहीत आहे? जो उपचार खरा आहे, त्याची माहिती द्यायला कोणी येत नाही. जो खोटा आहे, त्याची चित्रफीत मात्र प्रत्येक मोबाइलवर पोहोचलेली असते. खऱ्या शास्त्राच्या पतीवर हे दुकानदार उधारी उचलत आहेत.

‘एखाद-दोन लाख जातील, पण करून तर बघू,’ असे बाप म्हणतो. बीड जिल्ह्यात एक लाख रुपये म्हणजे काय? २०२४ च्या करारानंतर ऊसतोडीचा दर टनाला ३६६ रुपये झाला. म्हणजे एका लाखासाठी एका कोयत्याने, नवरा-बायको दोघांनी मिळून, पावणेतीनशे टन ऊस तोडायचा. रोज दोन टन धरले, तरी साडेचार महिने, अख्खा हंगाम. त्यातही मुकादमाची उचल आधीच डोक्यावर असते. मूल कोपीत आजीपाशी ठेवून, पाचटात राबून जमवलेला पैसा पुण्या-मुंबईच्या चकचकीत काउंटरवर मोजला जातो. त्याला ‘पालकांचा निर्णय’ म्हणायला जीभ धजते कशी?

आणि बीडला हे नवीन आहे का? कायदा असताना, नियम असताना स्त्रीच्या पोटावर आणि लेकराच्या जिवावर पैसा कसा करतात, हे या जिल्ह्याने पुरेपूर पाहिले आहे. परळीचे २०१२ चे स्त्रीभ्रूणहत्येचे प्रकरण आठवा. त्यातला शिक्षा झालेला, परवाना रद्द झालेला डॉक्टर २०२० मध्ये पुन्हा रुग्ण तपासताना सापडला! २०१९ मध्ये ऊसतोड कामगार महिलांच्या पाहणीत ८२ हजारांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. ‘कॅन्सर होईल’ एवढे दोन शब्द पुरत होते. आता ‘मूल बोलू लागेल’ हे तीन शब्द पुरतात. भीती विकली काय आणि आशा विकली काय, गल्ला तोच.

पालकांना दोष देणे सोपे आहे. पण अंबाजोगाईचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आशियातले पहिले म्हणून आपण मिरवतो, त्या जिल्ह्यात स्वमग्न मुलाला आठवड्यातून तीन दिवस वाचाउपचार मिळावा म्हणून बाप कुठे जाणार? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात प्रत्येक जिल्ह्यासाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत स्वमग्नता आहे आणि थॅलेसेमियाही आहे. तरतुदींना तोटा नाही. त्या केंद्रात वाचाउपचारतज्ज्ञ किती, मानसशास्त्रज्ञ किती, ते कोणत्या वारी भेटतात, हे जिल्हा रुग्णालयाने दाराशी फळा लावून लिहावे. अर्थात, बीडला रेल्वे यायला सप्टेंबर २०२५ उजाडला, तिथे वाचाउपचारतज्ज्ञ यायला कोणते साल उजाडेल, कोण जाणे.

हे फक्त स्वमग्नतेपुरतेही नाही. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना, गुडघेदुखीने बेजार म्हाताऱ्यांना, बाळंतिणींनाही हेच गिऱ्हाइकीचे गाणे ऐकवले जाते. नाळेतले रक्त जपून ठेवा, उद्या बाळाच्या कामी येईल म्हणे! बाळाला थॅलेसेमियासारखा जन्मजात दोष असेल, तर तो त्या नाळेतल्या पेशींतही असतोच. त्या त्याच्या काय कामी येणार? हे त्या बाळंतिणीला हप्ते बांधून देण्याआधी कोण सांगते?

निकाल दिल्लीत लागला. अंमलबजावणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेने आणि राज्याच्या आरोग्य खात्याने करायची आहे. ती होते, हेही बीडनेच दाखवले. २०१९ च्या गदारोळानंतर खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागू लागली. मग लेकराच्या मणक्यात अशी सुई घालणाऱ्याला चाचणीची मान्यता कुठे आहे, असे दारात जाऊन विचारायला कोणाची हरकत आहे? जाहिराती उघड्यावर आहेत, पत्ते छापलेले आहेत, फोन क्रमांक फलकांवर आहेत. २०२२ मध्येच गैरवर्तन ठरलेल्या या कामासाठी आजवर किती डॉक्टरांवर कारवाई केली, त्यांची यादी परिषदेने प्रसिद्ध करावी. आणि त्यानंतरही ज्यांच्याकडून पैसे उकळले, त्या आई-बापांना ते कोण आणि कधी परत करणार, तेही त्याच यादीखाली लिहावे.