राज्य विचारलंत, आता भाषाही विचारा!

सीमाबांधवांनो,

परवा आईच्या मोबाईलवर एक ॲप टाकून देत होतो. नाव घेत नाही, कारण दोष त्या एकट्याचा नाही. पहिलाच प्रश्न : तुमचं राज्य कोणतं? बेळगावात राहतो, म्हणून ‘कर्नाटक’ दाबलं. पुढचं सगळं थेट कन्नडमध्ये. भाषा बदलायला गेलो तर कन्नड, हिंदी, इंग्रजी एवढंच. मागे येऊन राज्य ‘महाराष्ट्र’ केलं, तर मराठी लगेच हजर! पण आता बेळगावचा पिनकोड घेईना.

म्हणजे मराठी त्या ॲपमध्ये तयार होती. फक्त आम्हाला दाखवायची नव्हती.

आई म्हणाली, “मराठी वाचायला मी खोटं गाव सांगायचं काय रे?”

ॲप बनवणारे सांगतात, सुरुवातीला प्रश्न कमी विचारले तर बरं, लोक कंटाळतात. मान्य. जे यंत्राला आपोआप कळतं ते विचारूच नका. देशभर प्रमाणवेळ एकच आहे, मग पत्ता भारतातला सांगितल्यावर ‘तुमची वेळ कोणती’ हे कशाला? पण जे यंत्राला कळूच शकत नाही, ते विचारायलाच पाहिजे. मी कुठं राहतो हे उपग्रह सांगेल. मी घरात काय बोलतो हे कुठला उपग्रह सांगणार?

तांत्रिक अडचण आहे म्हणाल, तर तीही नाही. संगणकाच्या जगात आपल्या भाषेची खूण आहे ‘एमआर-आयएन’. मराठी, भारत. त्यात राज्याचं नावच नाही. डेबियन लिनक्स टाकताना आधी भाषा विचारतात, ठिकाण नंतर. अँड्रॉइडवर २०१६ पासून एकापेक्षा जास्त भाषा आपल्या क्रमाने लावता येतात. आईचा फोन मराठीतच आहे. ॲपने तेवढं बघितलं असतं आणि ‘मराठी चालेल ना?’ असं एकदा विचारलं असतं, तरी काम झालं असतं.

आणि हा नुसता सोयीचा प्रश्न नाही. त्याच ॲपने पुढे फोनमधले नंबर, फोटो, ठिकाण बघायची परवानगी मागितली. न कळणाऱ्या लिपीत घेतलेल्या होकाराला संमती म्हणायचं काय? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ६ मध्ये लिहिलंय की, संमतीची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा. मराठी त्या अनुसूचीत आहे. ‘फक्त महाराष्ट्रात राहणाऱ्यांना’ असं तिथं कुठं लिहिलेलं नाही.

हे भांडण कन्नडशी नाही. जत, अक्कलकोटच्या कन्नड घरांवर असंच मराठी लादलं जात असेल, तर तेही चूकच. बडोद्याच्या मराठी माणसाला गुजराती आणि इंदूरच्याला हिंदी गृहीत धरणं, हाही त्यातलाच प्रकार. १९५६ साली राज्यांच्या सीमा कागदावर आखल्या, तेव्हा आम्हाला कुणी विचारलं नाही. तीच रेघ आता मोबाईलमध्येही ओढताय होय?

मागणी साधी आहे. भाषेचा प्रश्न पहिला, राज्याचा नंतर, आणि एकाच्या उत्तरावरून दुसऱ्याचं उत्तर ठरवायचं नाही.

आज घरातल्या मोठ्या माणसांचे मोबाईल बघा. जिथं राज्यावरून भाषा ठरवलेली दिसेल, त्या ॲपच्या अभिप्रायात मराठीतच लिहा : “मी कर्नाटकात राहतो. माझी भाषा मराठी आहे. दोन्ही खरं आहे.”