स्प्रिंगवरचा व्यायाम, खिशावरचा ताण

इन्स्टाग्रामवर फिटनेसचं एखादं रील दोनदा पाहिलंत की पुढचा आठवडाभर फीडमध्ये एक लांबट, पलंगासारखं मशीन दिसत राहतं. त्यावर पुढेमागे सरकणारी गादी, हातापायांत अडकवायचे पट्टे, पायात रबरी ठिपक्यांचे मोजे आणि समोर भिंतभर आरसा. या मशीनचं नाव रिफॉर्मर. मुंबई-पुण्यात गेल्या काही वर्षांत रिफॉर्मर पिलाटेसचे स्टुडिओ भराभर उघडले आणि त्यांच्या ‘बिगिनर क्लास’च्या जाहिराती आता थेट कॉलेजच्या मुलामुलींपर्यंत येतात. ही लाट फक्त बॉलिवूडपुरती नाही. फिटनेस क्लास बुक करण्याच्या ‘क्लासपास’ या अ‍ॅपवर 2023 आणि 2024 अशी सलग दोन वर्षं जगभरात सर्वाधिक पसंती पिलाटेसलाच मिळाली.

अडचण एकच. एका ग्रुप क्लासला हजाराच्या घरात, कधी त्याहूनही जास्त पैसे मोजावे लागतात. पॉकेटमनीवर जगणाऱ्याने अशा वेळी विचारायलाच हवं, की आपण नेमके कशाचे पैसे देतोय?

छावणीतून स्टुडिओत

जोसेफ पिलाटेसचा जन्म 1883चा, जर्मनीतला. लहानपणी दमा आणि मुडदूस, त्यामुळे शरीर कमावण्याचा ध्यास लागला. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो इंग्लंडमध्ये होता. शत्रूराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याची रवानगी छावणीत झाली. तिथे तो सोबतच्या कैद्यांकडून व्यायाम करून घ्यायचा. आजाऱ्यांच्या खाटांना स्प्रिंगा बांधून त्याने पडल्या पडल्या व्यायामाची सोय केली आणि त्यातूनच पुढे रिफॉर्मर आला, असं सांगतात. 1926च्या सुमारास तो न्यूयॉर्कला गेला आणि तिथले नर्तक त्याचे पहिले मोठे चाहते झाले.

आज ज्याची जाहिरात होत नाही, ती गोष्ट याच्या पुढची आहे. 1945 साली त्याने आपल्या पद्धतीवर पुस्तक लिहिलं. त्यात 34 व्यायाम आहेत आणि ते सगळे जमिनीवर, चटईवर करायचे. म्हणजे मशीनशिवायचा पिलाटेस हा स्वस्तातला पर्याय नाही, तोही तितकाच मूळचा आहे.

दुसरी गोष्ट नावाची. ‘पिलाटेस’ या नावावर मालकी सांगणारा खटला अमेरिकेत चालला. 2000 साली न्यायालयाने निकाल दिला, की योग किंवा कराटेसारखंच हे एका व्यायामप्रकाराचं नाव आहे, कुणा एकाचा ट्रेडमार्क नाही. त्यामुळे तिथे हे नाव सगळ्यांना मोकळं झालं. पण पाटीवर ‘पिलाटेस’ लिहिलंय म्हणून आत शिकवणाऱ्याला ते येतंच, याचीही खात्री उरली नाही. आपल्याकडे फिटनेस ट्रेनर व्हायला डॉक्टरसारखा सक्तीचा परवानाही लागत नाही. सर्टिफिकेट कुठलं, किती तासांचं, हे आपणच विचारायचं असतं.

पहिल्या क्लासमध्ये काय होतं?

सुरुवात बहुतेक वेळा पाठीवर झोपूनच होते. तळवे समोरच्या दांड्यावर टेकवायचे आणि पायांनी जोर देऊन गादी मागे ढकलायची. गादीखाली स्प्रिंगा असतात. जास्त लावल्या की ढकलायला जड जातं. मग पाय पट्ट्यांत अडकवून हवेत गोल फिरवायचे, कंबर उचलायची, हात ओढायचे. बघताना सोपं वाटतं. खरी मेहनत गादी परत आणताना असते, कारण स्प्रिंग ती खेचत असते आणि तुम्हाला ती सावकाश, आवाज न करता आणायची असते.

नवख्यांची फसगत एका ठिकाणी हमखास होते. कमी स्प्रिंग म्हणजे सोपं, असं नसतं. हात दांड्यावर आणि पाय गादीवर ठेवून प्लँक करताना स्प्रिंग कमी केली की गादीचा आधारच कमी होतो आणि पोटाच्या स्नायूंची कसोटी लागते. शिवाय स्प्रिंगांचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. म्हणून रील पाहून ‘मला लालच द्या’ म्हणण्यात अर्थ नाही. चांगला ट्रेनर सुरुवातीलाच जुनी दुखापत, पाठदुखी, ऑपरेशन याबद्दल विचारतो. कुणी विचारलं नाही, तर आपण सांगावं. दुखणं मोठं असेल तर आधी फिजिओथेरपिस्टला भेटावं.

दावे आणि वास्तव

‘लांब, सडपातळ स्नायू मिळतील’ हे या जाहिरातींचं लाडकं वाक्य. स्नायू हाडांना कुठे जोडलेला आहे, ते जन्मतःच ठरतं. व्यायामाने तो बळकट होतो, लवचिकता वाढते, पण तुमची ठेवण बदलून लांब होत नाही. कंबरदुखीबद्दल 2015च्या कॉक्रेन आढाव्याचा निष्कर्षही मोजून मापून होता: काहीच न करण्यापेक्षा पिलाटेस बरं, पण इतर व्यायामांपेक्षा ते सरस असल्याचा ठोस पुरावा नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सुचवते. हे कुठल्या मशीनवर करायचं, ते ती सांगत नाही.

मग मुली तिथे का जातात?

हा प्रश्न ‘श्रीमंतांचे चोचले’ म्हणून उडवून लावण्यासारखा नाही. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधल्या 2024च्या अभ्यासानुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत. पुरुषांमध्ये हे प्रमाण 42 टक्के, तर स्त्रियांमध्ये 57 टक्के आहे. ही दरी आळसातून आलेली नाही. ग्राउंडवर क्रिकेट चाललेलं असतं, जिममध्ये वजनांच्या कोपऱ्यात मुलांचा घोळका असतो आणि संध्याकाळी पळायला गेलं की नजरा असतात. रिफॉर्मर स्टुडिओत सात-आठ जणींचा गट असतो, नाव घेऊन चूक सुधारणारं कुणीतरी असतं आणि रोखून बघणारं कुणी नसतं. त्या हजार रुपयांत स्प्रिंगांपेक्षा या निवांत जागेची किंमत जास्त असते.

आणि ही जागा विकतच घ्यावी लागते असं नाही. न्यूयॉर्कमध्ये पिलाटेस नर्तकांना घडवत होता, त्याच काळात औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार नेत होते. त्याला ना मशीन लागलं, ना फी. व्यायाम शिकवणं ही संस्थेची जबाबदारी आहे, असं त्यांनी मानलं. आपण कॉलेजला जिमखाना फी भरतो, ती याच जबाबदारीची. मग आठवड्यातून तीन दिवस एक तास मुलींसाठी राखीव, वीस चटया आणि शिकवणारी एक प्रशिक्षित व्यक्ती, एवढी मागणी करायला काय हरकत आहे?

उत्सुकता असेल तर एखादा ट्रायल क्लास जरूर करा, मजा येते. पण पॅकेज घेण्याआधी दोन महिने चटईवर नियमित व्यायाम होतो का, ते बघा. आणि नव्या वर्षाची फी भरताना जिमखान्याच्या रकान्यासमोर किती रुपये लिहिलेत, त्यातून आपल्याला काय मिळतं, हेही ऑफिसात विचारून या.