पत्रा जुळला पाहिजे : जुन्या गाड्यांच्या कारागिरांचे मागणीपत्र

प्रति,
जुन्या गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणारे कारखानदार व विक्रेते,
तसेच परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य.

महोदय,

चकलांबा, उमापूर आणि गेवराई भागात जुन्या गाड्यांचे डेंटिंग, वेल्डिंग, पेंटिंग करणारे कारागीर आणि या गाड्यांचे मालक यांच्या संघटनेतर्फे हे मागणीपत्र देत आहोत. महिंद्राने 1947 मध्ये मुंबईत विलीस जीपची जुळणी सुरू केली. त्या वंशातल्या जीपा आणि कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या पद्मिनी आमच्याकडे येतात. आजोबांनी घेतलेली गाडी नातवाला पुन्हा रस्त्यावर आणायची असते. इंजिनाचे काम होते, गिअरबॉक्सचेही होते. गाडी अडते ती पत्र्यापाशी.

नवे मडगार्ड आले की आम्ही आधी ते नुसते बोल्टांवर टांगून बघतो. वरचे बोल्ट बसले तर खालचे भोक अर्धा सेंटिमीटर सरकलेले. कानस मारून भोक लांबवले, तर बॉनेट पुढे फट सोडते आणि मागे घासते. मग कापा, टॅक मारा, ठोका आणि वर लांबी भरा. लांबीचा जाड थर हादऱ्यांनी तडकतो, तेव्हा बोल डेंटरलाच लागतो. काम उक्ते घेतलेले असल्याने जादा मजुरीही त्याच्याच अंगावर पडते. न कापता पत्रा बसत नाही आणि कापलेला पत्रा दुकानदार परत घेत नाही. पद्मिनीचे काम तर याहून नाजूक. तिला जीपसारखी वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार पेलते. दाराखालची सिल जरा चुकली की दार नीट लागत नाही.

म्हणून आमची मुख्य मागणी अशी, की प्रत्येक लॉटमधला नग मूळ, न ठोकलेल्या गाडीवर बसवून पाहिल्याशिवाय माल बाजारात येऊ नये. अपघातात वाकलेल्या मडगार्डवरून डाय काढली, तर तोच वाक प्रत्येक नगात उतरतो. अचूक जुळणारा पत्रा बनवणे अशक्य नाही. इंग्लंडमध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेज 1988 पासून एमजीबी गाडीची अख्खी बॉडी शेल नव्याने बनवते, तीही मूळ कारखान्याच्या साच्यांवर. आपल्याकडच्या जुन्या डाय भंगारात जाण्याआधी त्यांची नोंद तरी व्हावी.

भागावर मॉडेल, वर्ष, पत्र्याचे गेज आणि दर्जा छापावा. 20 गेज म्हणजे साधारण 0.9 मिलिमीटर, 22 गेज म्हणजे 0.7. रंगाखाली हा फरक डोळ्यांना दिसत नाही, वेल्डिंगची ज्योत लागताच पत्रा मुरडतो तेव्हा कळतो. सीआरसीए पत्रा आयएस 513 प्रमाणे, खोल दाबकामाला डीडी किंवा ईडीडी दर्जाचाच हवा. गंजावर काळा रंग फासून माल पाठवू नये, प्राइमर मारूनच द्यावा.

टांगून पाहिलेला, न कापलेला भाग बसला नाही तर विक्रेत्याने दोन्हीकडचे भाडे सोसून तो परत घ्यावा. बिल पक्केच हवे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे मालक राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे आमच्यासाठी बीडलाच, तक्रार करता येते. पण हातात बिलच नसेल तर खरेदी सिद्ध करायची कशी?

परिवहन आयुक्तांकडे एकच मागणी आहे. केंद्राच्या 2021 च्या नियमांत 50 वर्षांहून जुनी, मूळ रूपातली, चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरबदल न झालेली गाडी व्हिंटेज धरली आहे. मराठवाड्यात पन्नास पावसाळे काढलेल्या जीपचा तळपत्रा सडणारच. त्याच मापाचा, त्याच गेजचा पत्रा घातला तर ती दुरुस्ती धरावी, फेरबदल नव्हे, असे लेखी परिपत्रक काढावे. वर मागितलेली छापील माहिती आणि पक्के बिल अशा वेळी पुरावा म्हणून कामी येईल.

कारखानदारांनी आपला नमुना नग घेऊन चकलांब्याला यावे. मूळ गाड्या इथे उभ्या आहेत, त्यांच्यावर तो आम्ही विनामोबदला टांगून दाखवू. या पत्राचे उत्तर लेखी मिळावे, ही विनंती.

आपले,
जुन्या गाड्यांचे कारागीर व मालक,
चकलांबा, ता. गेवराई, जि. बीड